घरी बिअर बनवताना प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं काय काम?

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवण्याला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. विक्रीला मात्र परवानगी नाही. तेव्हापासून हा अनेकांचा छंद आहे. यातला प्रत्येक घाणा म्हणजे एक छोटा प्रोजेक्टच असतो.

तारखेवरून उलट मोजा

समजा, ४ जुलैला पाहुण्यांना बिअर द्यायची आहे. साध्या एल बिअरला आंबायला सुमारे २ आठवडे आणि बाटलीत गॅस धरायला आणखी २ आठवडे लागतात. म्हणजे ६ जूनला सुरुवात हवी. पण मग हाताशी एकही दिवस उरत नाही. म्हणून ३० मे हा दिवस धरा.

क्रिटिकल पाथ म्हणजे काय?

ज्या सलग कामांवरून प्रोजेक्टचा एकूण कालावधी ठरतो, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. इथे ती यीस्टच्या हातात आहे. मदतीला चार मित्र आले तरी यीस्ट घाई करत नाही. वेळ वाचतो तो पहिल्या दिवशी. माल्टचं गोड पाणी हॉप्ससोबत साधारण ६० मिनिटं उकळतं, तेवढ्यात आंबवायचं भांडं आणि नळ्या निर्जंतुक करून घ्यायच्या. उकळताना जंतू मरतात, खरा धोका पाणी थंड झाल्यावर सुरू होतो.

काम संपलं हे कसं ठरवायचं?

कॅलेंडर पाहून नाही, हायड्रोमीटर पाहून. सुरुवातीला १.०५० असलेलं रीडिंग रेसिपीत दिलेल्या आकड्याजवळ, समजा १.०१० ला आलं आणि दोन-तीन दिवसांनीही तेवढंच राहिलं, तरच आंबणं थांबलं असं समजा. तारीख गाठण्यासाठी आधीच बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर आत आंबत राहते, दाब वाढतो आणि काच फुटून इजा होऊ शकते. अशा वेळी पाहुण्यांना दुकानातली बिअर द्यावी!

नोंद का ठेवायची?

साहित्य, तापमान, तारखा, रीडिंग, चव हे सगळं लिहा. पुढच्या घाण्यात एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

महाराष्ट्रात चालतं का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते.