व्हॅलेन्सिया : पाटाच्या पाण्याने घडविलेले नगर

स्पेन देशाला जाणारा आपल्याकडचा प्रवासी बहुधा माद्रिदची चित्रशाळा पाहतो, बार्सिलोनाला गौदीच्या इमारतींपुढे उभा राहतो आणि ग्रानाडाचा आल्हाम्ब्रा पाहून परततो. व्हॅलेन्सियाचे नाव या यादीत क्वचितच असते. वास्तविक ते त्या देशातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. वस्ती सुमारे आठ लाखांची, आणि गाव भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले. तेथे का जावे असे विचारले तर जाणकार तीन कारणे सांगतात : तेथले जेवण, तेथली संस्कृती आणि तेथली रचनाकला. तिन्ही कारणे खरी आहेत. पाएया हा जगभर गाजलेला भाताचा प्रकार तिथला. फायास हा अग्नीचा उत्सव तिथला. आणि २०२२ साली जागतिक रचना-राजधानी हा मानही त्याच शहराला मिळाला. परंतु आमचे म्हणणे असे आहे की, ही कारणे तीन नव्हेत. ते एकाच इतिहासाचे तीन फाटे आहेत, आणि तो इतिहास पाण्याचा आहे. पाण्याचा माग धरून हे शहर पाहिले तर त्याचे वैभव कळते, आणि त्या वैभवाची किंमत कोणी दिली हेही कळते.

प्रथम भूमी पाहू. तूरिया नदी डोंगरातून उतरून समुद्राला मिळते, त्या मुखाजवळच्या सपाटीवर इ. स. पूर्व १३८ मध्ये रोमन लोकांनी आपल्या निवृत्त सैनिकांसाठी ही वसाहत वसविली. या भागात पाऊस थोडा. उन्हाळा कोरडा जातो आणि शरद ऋतूत मात्र एखाद्या दिवशी आभाळ फाटल्यासारखे कोसळते. अशा जागी शेती करावयाची तर नदीला बंधारा घालून पाणी पाटाने खेळविले पाहिजे. आठव्या शतकात तेथे मुसलमानी अंमल आला, आणि पुढच्या चार-पाचशे वर्षांत शहराभोवतीची सारी जमीन पाटांच्या जाळ्याने विणली गेली.

याची साक्ष स्पॅनिश भाषाच देते. पाटाला तेथे आसेकिया म्हणतात, तो शब्द अरबी. रहाटाला नोरिया म्हणतात, तोही अरबी. तांदळाचे आर्रोस, केशराचे आसाफ्रान, साखरेचे आसूकार हे शब्द अरबांच्या तोंडून तिकडे गेले. यांतल्या काहींचा उगम तर आपल्या ओळखीचा आहे. आसूकारच्या मुळाशी संस्कृत शर्करा आहे, आणि संत्र्याला स्पॅनिश माणूस नारांहा म्हणतो, ते आपले नारिंगच होय. नारिंग इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून स्पेनला गेले. फळाबरोबर नावही चालत गेले.

१२३८ च्या ऑक्टोबरच्या ९ तारखेला आरागॉनचा राजा जाउमे पहिला याने शहरात विजयी प्रवेश केला. राज्य बदलले, धर्म बदलला, मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहू लागले. पण पाटांच्या बाबतीत या विजेत्याने मोठे शहाणपण दाखविले. दुसऱ्याच वर्षी त्याने पाटांचे पाणी लोकांच्या हवाली केले आणि वाटपाची रीत मुसलमानी अंमलात होती तशीच ठेवावी असे फर्मान काढले. तख्त उलथले तरी पाण्याची पाळी मोडू नये, एवढे त्याला उमगले होते.

त्या रितीचे एक रूप आजही पाहावयास मिळते. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथीड्रलच्या ‘प्रेषितांच्या दरवाजा’बाहेर पाणी-न्यायालय भरते. आठ पाटांचे आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून लाकडी खुर्च्यांवर गोलाकार बसतात. हे वकील किंवा सरकारी अंमलदार नव्हेत; ते शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच असतात. शिपाई एकेका पाटाचे नाव पुकारतो आणि त्या पाटावरच्या कोणावर फिर्याद असल्यास ती तेथेच उभ्या उभ्या चालते. कोणी पाळी नसता पाणी घेतले, कोणी पाट साफ ठेवला नाही, कोणाच्या पाण्याने शेजाऱ्याचे पीक बुडाले, असले हे तंटे. सारे काम तोंडी, त्यांच्या व्हॅलेन्सियन बोलीत. निवाडा तिथल्या तिथे, आणि त्यावर अपील नाही. फिर्याद नसेल तर काही मिनिटांत सभा उठते. ब्लास्को इबान्येस या तिथल्या थोर कादंबरीकाराने १८९८ च्या ‘ला बार्राका’ कादंबरीत या न्यायालयाचा प्रसंग रंगविला आहे. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणारे शेतकरी आणि त्यांचा पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पण याच इतिहासाला एक काळे पान आहे. ज्या मुसलमान शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी या राज्याची शेती उभी केली, त्यांना सोळाव्या शतकात सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन १६०९ साली त्यांना जहाजांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. व्हॅलेन्सियाच्या राज्यातील सुमारे एक तृतीयांश माणसे अशी हाकलली गेली. गावेच्या गावे ओस पडली. पाट राहिले, पाटांची अरबी नावे राहिली, माणसे गेली.

आता जेवणाकडे वळू. शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे मोठे सरोवर आहे. नाव पुन्हा अरबी, अर्थ ‘लहान समुद्र’. त्याच्या भोवती भाताची खाचरे आहेत. या भाताचा इतिहास मात्र सुखाचा नाही. साचलेल्या पाण्याबरोबर हिवताप येई, म्हणून चौदाव्या शतकापासून राजांनी शहराजवळ भात लावण्यावर पुनःपुन्हा बंदी घातली. आणि पोटासाठी व पैशासाठी लोकांनी ती पुनःपुन्हा मोडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कावानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने भातखाचरांच्या गावांतील जन्ममृत्यूंची मोजदाद करून दाखविली आणि हे पीक माणसे खाते असे बजावले. पाएयाचे ताट पुढे आले असता एवढे स्मरण असू द्यावे.

पाएया हे खरे म्हणजे भांड्याचे नाव. लॅटिन ‘पातेला’पासून आलेले. पसरट, उथळ, दोन कानांची लोखंडी कढई. तीत ऑलिव्हचे तेल, कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर, कधी गोगलगायी, आणि शेवटी पाणी व तांदूळ. जाळ संत्र्याच्या लाकडाचा असला तर उत्तम. तांदूळ आखूड दाण्याचा, रस पिऊनही न फुटणारा हवा. थर पातळ ठेवतात, म्हणजे तळाशी खरपुडी धरते. तिला सोकार्रात म्हणतात आणि तिच्यासाठी घरोघर प्रेमाची भांडणे होतात. हे शेतमजुरांचे दुपारचे जेवण होते. पाटाकाठी जे मिळे ते कढईत पडे. टोमॅटो आणि ते पांढरे दाणे अमेरिकेतून आलेले, तांदूळ आशियातून, केशर अरबांकडून. अवघ्या जगाचा इतिहास एका कढईत शिजतो आहे असे म्हणण्यास हरकत नाही. जेवणानंतर ओर्चाता प्यावी. आल्बोराया गावच्या शेतांत पिकणाऱ्या चुफा नावाच्या कंदाचे हे दुधासारखे गार पेय. हे झुडूप आपल्या नागरमोथ्याच्या कुळातले आहे.

पाटांच्या काठी तुतीची झाडे लावली गेली आणि तुतीवर रेशमाचे किडे पोसले गेले. त्या रेशमाने शहराला श्रीमंत केले. १४८२ पासून १५३३ पर्यंत बांधली गेलेली लोन्हा ही व्यापाऱ्यांची पेढी त्याचे स्मारक होय. पेरे कोम्प्ते या गवंडी-शिल्पकाराने तिच्या दालनात पीळ दिलेल्या दोरासारखे दगडी खांब उभे केले आहेत. वर जाऊन ते माडाच्या झावळ्यांसारखे छतात पसरतात. भिंतीवरून फिरलेल्या लॅटिन लेखाचा आशय असा की, ज्याच्या बोलण्यात कपट नाही आणि जो व्याजासाठी पैसा लावीत नाही, त्या व्यापाऱ्याला धनही मिळेल आणि परलोकही साधेल. बाजारात रोज वाचावयास लागावे म्हणून कोरलेले हे वाक्य किती व्यापाऱ्यांनी पाळले, तो प्रश्न निराळा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशीमकिड्यांवर रोग पडला आणि तो धंदा बसला. तुती तोडून लोकांनी संत्र्याच्या बागा लावल्या. आगबोटी आणि रेल्वे यांनी ते फळ उत्तर युरोपात पोचविले. १९१७ साली पुरे झालेले उत्तर रेल्वे-स्थानक पाहावे : त्याच्या दर्शनी भागावर फळांसह संत्री शोभेसाठी लगडली आहेत. १९२८ साली लोन्हेच्या समोर उघडलेली लोखंड-काचेची मोठी मंडई पाहावी. पूर्वजांच्या रेशमाची पेढी आणि नातवंडांच्या भाजीपाल्याची मंडई एका चौकात समोरासमोर उभी आहेत. फार काय, फुटबॉलच्या १९२३ सालच्या मेस्ताया क्रीडांगणालाही नाव एका पाटाचेच मिळाले आहे.

शहराच्या उत्सवाबद्दल दोन शब्द. दर मार्चला मोहल्ल्या-मोहल्ल्यांची मंडळे वर्षभर खपून, वर्गणी गोळा करून, उंच उंच सोंगे उभारतात. पुढाऱ्यांची आणि गावच्या गुलाम वृत्तीची त्यांत यथेच्छ टर उडवितात. आणि १९ तारखेच्या रात्री, सुतारांचे संत जोसेफ यांच्या दिवशी, ती सारी जाळून टाकतात. लोकमताने एक बाहुले तेवढे आगीतून वाचवितात. गणेशोत्सव आणि होळी या दोन्ही ज्यांना ठाऊक आहेत, अशा आपल्या माणसांना तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

पाण्याचा रोष या शहराने पुष्कळदा पाहिला. त्यात १९५७ च्या ऑक्टोबरची १४ तारीख कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी तूरिया दोनदा चढली. निदान ८१ माणसे मेली. आपल्याकडे १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले आणि पुणे बुडाले, ते आठवणाऱ्यांना त्या दिवसाची कल्पना येईल. फ्रँकोच्या सरकारने नदीच शहराबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. दक्षिणेकडून सुमारे १२ किलोमीटर लांबीचे नवे पात्र खोदण्यात आले आणि जुने पात्र कोरडे पडले. त्यातून मोटारींचा हमरस्ता न्यावा असा सरकारी बेत होता. लोकांनी तो मानला नाही. हे पात्र आमचे आहे आणि आम्हाला ते हिरवे हवे, अशी मागणी करीत नागरिक उभे राहिले. १९७६ साली ती जमीन शहराला मिळाली आणि १९८६ पासून तेथे टप्प्याटप्प्याने बाग उघडली. आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या त्या बागेत जुन्या दगडी पुलांखालून पाण्याऐवजी मुले, म्हातारी माणसे आणि सायकली वाहतात. मुठेच्या पात्रात रस्ता केलेल्या पुण्याच्या माणसाने तेथे घटकाभर बसून विचार करावा, असे ते ठिकाण आहे.

त्याच पात्राच्या समुद्राकडच्या टोकाला कला आणि विज्ञान यांची नगरी आहे. सान्तियागो कालात्राव्हा हा तेथलाच सुपुत्र. त्याने पापणी उघडल्यासारखे नेत्राकार चित्रगृह १९९८ साली आणि गलबतासारखे संगीतगृह २००५ साली उभे केले. मत्स्यालयाची कमळाच्या पाकळ्यांसारखी पातळ छते फेलिक्स कान्देलाची. पांढऱ्या भिंती, उथळ जलाशय, आणि त्यांत पडलेले प्रतिबिंब. नदी घालविलेल्या जागी पुन्हा पाणी आणून ठेवले आहे. खर्चाने मूळ अंदाज कितीतरी मागे टाकला, २०१३ साली संगीतगृहाच्या कवचाचे तुकडे गळून पडले, आणि त्यावरून शहरात कडाक्याचे वाद झाले. पण सौंदर्य नाकारता येत नाही.

येथेच पुष्कळ प्रवासी थांबतात. आम्ही म्हणतो, थांबू नये. २०२४ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेला डोंगरात ढग फुटले. तुरीस गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. नव्या पात्राने आपले काम केले. जुने शहर कोरडे राहिले. परंतु पोयो नावाच्या एरवी कोरड्या असणाऱ्या ओहोळाने दक्षिणेकडची पायपोर्ता, कातार्रोहा इत्यादी गावे गाठली, आणि त्या प्रांतात २२० हून अधिक माणसे प्राणास मुकली. धोक्याचा संदेश लोकांच्या दूरध्वनींवर रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी आला. तोवर पुष्कळ घरांत पाणी शिरले होते. नदीला नवे पात्र मिळाले, पण ओहोळाला तशा तोडीची व्यवस्था कधी मिळाली नाही. आणि त्याच्या पुराच्या वाटेवर गेल्या साठ वर्षांत घरे, कारखाने आणि रस्ते दाटत गेले. दुसऱ्या दिवसापासून शहरातील हजारो तरुण फावडी आणि झाडू खांद्यावर टाकून पादचारी पुलावरून चिखलात बुडालेल्या गावांकडे चालत गेले. कोणी बोलाविले नव्हते, ते गेले.

पाणी-न्यायालयाचे मूळ तत्त्व साधे आहे : वरच्याने पाणी घेताना खालच्याचा विचार केला पाहिजे, आणि दोघांनाही एकाच दारात उभे राहून जाब द्यावा लागेल. शेताच्या बाबतीत हे तत्त्व व्हॅलेन्सियाने शतकानुशतके सांभाळले. नगररचनेच्या बाबतीत त्याला ते सांभाळता आले नाही. आणि जगातल्या किती शहरांना आले आहे? म्हणून जो कोणी तेथे जाईल त्याने गुरुवार गाठावा. बारा वाजता त्या दरवाजापाशी उभे राहावे, मग मंडईतून लोन्हेत जावे, दुपारी कढईभोवती बसून जेवावे, उतरत्या उन्हात जुन्या पात्रातून कालात्राव्हाच्या इमारतींपर्यंत चालत जावे. आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर नव्या पात्रावरचा तो पूल ओलांडून पलीकडच्या गावांतही जाऊन यावे. शहर अलीकडे आहे तसे पलीकडेही आहे.