सिंगापूर ते न्यूयॉर्क विमान प्रवासाला किती तास लागतात? अंतर किती?

सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान मध्ये कुठेही न थांबता हा प्रवास करतं आणि वेळापत्रकात त्यासाठी साधारण पावणेएकोणीस तास धरलेले असतात. सध्या जगातली ही सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी सेवा आहे.

इंटरनेटवर काही ठिकाणी याच प्रवासाला १७ तास लागतात असं दिसतं. तिथे फक्त अंतराला ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलेलं असतं. विमान रिक्षासारखं सरळ मीटरवर चालत नाही, त्यामुळे हा हिशेब फसतो.

आधी १५,३५० हा आकडा कुठून आला ते बघू. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर. बेरीज १७८, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्हींमध्ये दोरा ताणून बघा, तो जवळपास उत्तर ध्रुवावरून जाईल! सपाट नकाशावर हे कधीच लक्षात येत नाही.

प्रत्यक्षात विमान दरवेळी या दोऱ्यावरून जात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. न्यूयॉर्कला जाताना हे वारे पाठीशी घेण्यासाठी विमान अनेकदा पॅसिफिक महासागरावरून जातं. किलोमीटर वाढतात, पण वेळ आणि इंधन वाचतं. वारा रोज बदलतो, म्हणून मार्गही बदलतो.

ही सेवा पहिल्यांदा २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हा विमान न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला उतरायचं. चार इंजिनांचं ते विमान इंधन फार खायचं, २०१३ मध्ये सेवा बंद पडली. २०१८ मध्ये दोन इंजिनांचं एअरबस ए३५०-९०० यूएलआर आलं. त्यात १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावतं. प्रवासी मात्र फक्त १६१, आणि इकॉनॉमी क्लास नाहीच!

खरा गोंधळ घड्याळाचा होतो. समजा सोमवारी रात्री ११.३० ला सिंगापूरहून निघालात आणि १८ तास ४० मिनिटांनी उतरलात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क १२ तास मागे असतं, त्यामुळे तिथे मंगळवारची सकाळ, ६.१० वाजलेले. तिकीट बघून वाटेल, पावणेसात तासांचाच प्रवास! परतताना उलटं. सोमवारी सकाळी १० ला निघालात तर तेवढ्याच वेळाने सिंगापूरला मंगळवारी दुपारचे ४.४० होतील. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तेव्हा फरक १३ तासांचा होतो.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. घरातलं कुणी वयस्कर माणूस इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायची औषधं घेत असेल, तर या वेळांची वजाबाकी करू नका. तिकिटावर वेगळा लिहिलेला 'एकूण कालावधी' बघा आणि तोच आकडा निघण्याआधी डॉक्टरांना सांगा.