महजर, राजीनामा, हरकी : मराठेशाहीतील न्यायाची भाषा

आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. सतराव्या-अठराव्या शतकांतील वतनांच्या तंट्यांचे कागद पाहिले, तर हा शब्द निवाड्याच्या आधी येतो. अरबी ‘राजी’ आणि फारसी ‘नामा’ मिळून झालेला हा संमतीचा लेख. सभा जो निवाडा देईल तो मान्य करू, असे दोन्ही वादी त्यात लिहून देत, आणि त्यानुसार वागण्याबद्दल जामीनही देत. पराभूत पक्षावर निवाडा बांधील ठरे, तो या लेखामुळे.

दावा आधी मांडणारा अग्रवादी आणि त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी, ही नावे संस्कृत. त्यांची जबानी मात्र तकरीर, म्हणजे अरबी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरीही तकरीर, राजीनामा, महजर हे शब्द पेशवाईच्या कागदांत कायम राहिले.

‘महजर’ हा ‘हजर’, ‘हजेरी’, ‘हुजूर’ यांच्याच धातूतला. निवाड्याच्या या लेखात ‘हाजीर मजालसी’ म्हणून सभेला बसलेल्यांची नावे येतात: अधिकारी, देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे-महाजन. बलुतेदारही साक्षीला असत. अक्षर न येणारा आपल्या धंद्याची खूण काढी: पाटलाचा नांगर, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. या सभेला गोतसभा म्हणत. ‘गोत’ हा शब्द ‘गोत्रा’वरून आला खरा, पण या नावांवरून स्पष्ट दिसते की गोतसभा एका कुळाची वा जातीची नव्हती. शब्दाच्या व्युत्पत्तीने जे कळले नसते, ते साक्षींच्या यादीने कळते.

शेवटी पैशाची बाब. जिंकलेला सरकारात हरकी भरी. या शब्दात ‘हर्ष’ आहे. हरलेल्याकडून गुन्हेगारी घेत. आज गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्यांचे प्रमाण. त्या कागदांत ती दंडाची रक्कम आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास वतनाच्या साध्या तंट्यातला माणूस अट्टल गुन्हेगार ठरेल.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’पासून भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ‘शिवचरित्रसाहित्या’पर्यंत असे कागद छापून उपलब्ध आहेत. अभ्यासकांनी कोश हाताशी ठेवावाच; पण शब्द निवाड्याच्या आधी आला की नंतर, आणि तो कोणी कोणाला लिहून दिला, हे पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये.