गोष्टीतले ‘एके दिवशी’

‘एके दिवशी’ असे लिहिताना चौथीतल्या मुलाला आपण क्रियाविशेषणाचे काम करणारे शब्द योजतो आहोत, याची वार्ताही नसते. ते त्याने आजीच्या तोंडून ऐकलेले असतात, आणि मराठीत त्यांची जागाही बहुधा वाक्यारंभीच.

इंग्लंडचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे १९६० नंतर शाळांतून व्याकरण बरेच मागे पडले. पुढे वारे फिरले. २०१३ साली अकरा वर्षांच्या मुलांसाठी व्याकरणाची वेगळी परीक्षा सुरू झाली. २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असे शब्द मुद्दाम वाक्यारंभी घालून पुढे स्वल्पविराम द्यायला शिकवणे आले. (इंग्रजीत ते एरवी बहुधा शेवटी येतात, म्हणून हा खटाटोप!) पण प्रत्येक वाक्याला ‘अंधाऱ्या रात्री’, ‘दूर डोंगरापलीकडे’ अशी तोरणे बांधली, तर गोष्ट पुढे सरकणार कशी? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात सहा-सात वर्षांच्या मुलांच्या कथालेखनात व्याकरणपाठांमुळे ठळक सुधारणा दिसली नाही.

मी वर्गात आधी संज्ञा सांगत नाही. ‘केव्हा? कुठे? कसे?’ एवढेच विचारतो. ‘अब्बा आले’ एवढेच लिहिणाऱ्या एकाने परवा खोडून लिहिले, ‘दिवे गेल्यावर, भिजत, अब्बा आले.’