बेट कोणी बांधले?

भर महासागरात बेट कसे उभे राहते? चार्ल्स डार्विनने या प्रश्नाचे उत्तर 1842 साली ग्रंथरूपाने मांडले. प्रथम समुद्रतळातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो. त्याच्या कडेकडेने प्रवाळ वाढतात. पुढे डोंगर हळूहळू खचू लागतो. परंतु प्रवाळांना उजेड हवा, म्हणून ते पूर्वजांच्या सांगाड्यांवर घरे बांधीत वर वर येतात. अखेर डोंगर बुडतो आणि उरते ते प्रवाळांचे कंकण.

हे ताडून पाहायचे, तर बेटाला खोल भोक पाडले पाहिजे. एखाद्या धनवंताने ते पाडावे, अशी इच्छा डार्विनने 1881 साली पत्रातून व्यक्त केली होती. धनवंत काही आला नाही. 1952 साली अमेरिकेच्या अणुशक्ति आयोगाने पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे भोके पाडली, ती अणुस्फोटांच्या तयारीसाठी. सुमारे 1,270 मीटर प्रवाळी चुनखडीखाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला. डार्विन खरा ठरला!

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हायड्रोजन बाँबच्या चाचणीत त्याच कंकणातले एलुगेलब बेट नाहीसे झाले. तेथील लोकांना 1947 सालीच हलविले होते. ते परतले 1980 साली.

सुमारे पाच कोटी वर्षे इवल्या जीवांनी राबून जे उभारले, ते एका क्षणात गेले. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला एवढेच विचारावेसे वाटते, की बांधणाऱ्याला आणि राहणाऱ्याला न विचारता घर पाडण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?