उच्च रक्तदाबजन्य दृष्टिपटलविकार

उच्च रक्तदाबामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेस उच्च रक्तदाबजन्य दृष्टिपटलविकार म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो 'हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी' या नावाने ओळखला जातो. सुरुवातीच्या अवस्थांत दृष्टी बहुधा शाबूत राहते. त्यामुळे नीट दिसते म्हणून डोळा निरोगी आहे, असे अनुमान काढता येत नाही. काचबिंदूत तपासला जाणारा डोळ्याचा अंतर्गत दाब आणि रक्तदाब या भिन्न गोष्टी आहेत.

कारणे व स्वरूप

रक्तदाब सतत १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिल्यास दृष्टिपटलातील सूक्ष्म रोहिणी आकुंचन पावतात व कालांतराने त्यांच्या भिंती जाड होतात. रोहिणी जेथे नीलेला ओलांडते तेथे नीला दबलेली दिसते. दाब आणखी वाढल्यास भिंतींतून रक्त व द्रव पाझरतो. दृष्टिपटलावर ज्वालेच्या आकाराचे रक्तस्राव आणि कापसासारखे पांढरे ठिपके उमटतात. अतितीव्र अवस्थेत दृष्टिचेतेच्या टोकाला सूज येते.

वर्गीकरण

१९३९ मध्ये कीथ, वॅगनर व बार्कर यांनी या विकाराच्या चार श्रेणी मांडल्या. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात पहिल्या श्रेणीतील सुमारे ७० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, तर चौथ्या श्रेणीतील केवळ ६ टक्के. डोळ्यातील खुणा संपूर्ण शरीरातील रक्तवाहिन्यांची अवस्था सांगतात, हे यावरून स्पष्ट झाले. तीव्र खुणा आढळलेल्या रुग्णांत पक्षाघाताचा धोकाही अधिक असतो.

गुंतागुंत

दृष्टिपटलातील नीला किंवा रोहिणी बंद पडल्यास एका डोळ्याची दृष्टी वेदनेविना अचानक कमी होऊ शकते. सोबत मधुमेह असल्यास हानी वाढते. गरोदरपणात रक्तदाब फार वाढल्यास दृष्टिपटलाखाली द्रव साचू शकतो.

निदान व उपचार

औषधाच्या थेंबांनी बाहुली विस्फारून ऑप्थॅल्मोस्कोपने दृष्टिपटल तपासतात. या विकारावर चष्मा वा डोळ्यांत घालायचे औषध हा उपाय नाही. रक्तदाब नियंत्रणात ठेवणे हाच मुख्य उपचार होय. बरे वाटते म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणे घातक ठरते. अतितीव्र अवस्थेत रक्तदाब एकदम खाली आणल्यास दृष्टिचेतेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून तो रुग्णालयातील देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात. नीला बंद पडून पीतबिंदूस सूज आल्यास डोळ्यात इंजेक्शन किंवा लेझर उपचार देतात.

महाराष्ट्रातील स्थिती

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. असंसर्गजन्य रोग कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रांतही केली जाते. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्यांत ही प्राथमिक तपासणी गावपातळीवर होऊ शकते, परंतु दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते. त्रास जाणवत नसल्याने ही दुसरी पायरी अनेकदा राहून जाते. रक्तदाबाचे निदान होताच एकदा, आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार, दृष्टिपटल तपासून घेणे हितावह असते. अचानक अंधुक दिसणे, तीव्र डोकेदुखी आणि १८०/१२० हून अधिक रक्तदाब ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत.