मुखपृष्ठावरचे निःशब्द हसू : सीमाभाग आणि मराठी हास्यचित्रकला

ग्रंथालयाच्या जुन्या दप्तरात ग्रंथांची, वर्गणीदारांची आणि देणगीदारांची नोंद सापडते. एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठापाशी वाचक क्षणभर थांबला आणि स्वतःशीच हसला, ही नोंद मात्र कोणतेही दप्तर ठेवीत नाही. मराठी हास्यचित्रकलेच्या इतिहासाचा मोठा भाग नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवरच घडला आहे, आणि या इतिहासातील दोन ठळक प्रकरणांचे धागे बेळगाव-निपाणीच्या भूमीपर्यंत येऊन पोहोचतात. त्यांचे स्मरण या ग्रंथात उचित ठरावे.

‘कार्टून’ या शब्दाचा मूळ अर्थ भित्तिचित्राचा पूर्वआराखडा असा होता. १८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी असे आराखडे लंडनमध्ये प्रदर्शनात मांडले गेले. त्यांची टर उडविण्यासाठी १८४१ पासून निघत असलेल्या ‘पंच’ साप्ताहिकाने आपल्या उपहासचित्रांनाच ‘कार्टून’ म्हटले आणि शब्दाला नवा अर्थ चिकटला. त्याच ‘पंच’चा आदर्श समोर ठेवून हिंदुस्थानात ठिकठिकाणी ‘पंच’ निघाले. ठाण्याचा ‘हिंदुपंच’ हा त्यांपैकी मराठी. या घराण्याच्या चित्राखाली लांबलचक संवाद असे. वाचक आधी मजकूर वाची आणि मग चित्राकडे वळे. चित्र हे शब्दांचे आश्रित होते.

या आश्रितपणातून चित्राला बाहेर काढण्याच्या वाटचालीत पहिला धागा किर्लोस्कर घराण्याचा आहे. रंग ओळखण्यातील अंशतः दोषामुळे चित्रकलेचा अभ्यास सोडावा लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा उद्योग लोखंडी नांगरापर्यंत पोहोचला. १९१० मध्ये नगरपालिकेच्या निर्णयामुळे येथील जागा सोडावी लागली. औंधचे चित्रकार राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचे संपादक, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, हे पं. श्री. दा. सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतलेले व्यंगचित्रकार होते. पुढे ‘खबर’चे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ या मासिकांची भर पडली. संपादकाच्याच हाती कुंचला असल्यामुळे या मासिकांत चित्राला मानाचे पान मिळाले. रूढी आणि अंधश्रद्धा यांवरील शंकररावांची टीका जितकी लेखांतून, तितकीच रेषांतून झाली.

दुसरा धागा आज निपाणी तालुक्यात असलेल्या भोज या गावाचा. वेदगंगा-दूधगंगेच्या परिसरातील या गावी २९ जुलै १९२५ रोजी शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शालेय आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत कलाशिक्षण घेतलेल्या फडणीसांची आरंभीची चित्रे ‘मनोहर’मध्ये आली. त्यांची खरी ओळख महाराष्ट्राला झाली ती अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवरून. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकावरील चित्र पुष्कळांच्या स्मरणात आहे. तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी, शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची, आणि त्या कापडावरच्या प्राण्यांना एकमेकांची लागलेली चाहूल. चित्राखाली एकही शब्द नाही. तरुण-तरुणी एकमेकांकडे पाहतात किंवा नाही, हा प्रश्न कापडावरच्या नक्षीनेच सोडविला आहे.

या चित्रातील नवेपणा नीट पाहण्यासारखा आहे. येथे कोणाची फजिती नाही, कोणावर प्रहार नाही. म्हणूनच अशा चित्राला ‘व्यंगचित्र’ म्हणण्यापेक्षा ‘हास्यचित्र’ म्हणणे अधिक सयुक्तिक. येथे दोन साध्या गोष्टी शेजारी ठेवल्या जातात आणि त्यांतील नाते जुळविण्याचे काम प्रेक्षकावर सोपविले जाते. ते नाते जुळते त्या क्षणी हसू फुटते. मथळा दिला असता तर हे काम चित्रकारानेच उरकून टाकले असते आणि प्रेक्षकाचा आनंद हिरावला गेला असता. याच सुमारास, १९५१ पासून, मूळचे म्हैसूरचे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ मुंबईच्या वृत्तपत्रात मूकपणे सारे पाहत उभा राहू लागला. तेथे मौन साक्षीदाराचे होते, चित्राखाली शब्द होतेच. फडणीसांच्या मुखपृष्ठावर मात्र चित्रच बोलत होते.

अशी कला पाहण्याची दृष्टी आपोआप येत नाही. फडणीसांनी ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन आणि ‘चित्रहास’ हा पारदर्शिका व प्रात्यक्षिके यांसह होणारा व्याख्यानाचा कार्यक्रम यांतून ती श्रोत्यांना दिली. व्याख्यानमालांची मराठी परंपरा मोठी असली, तरी ती प्रामुख्याने कानांची परंपरा आहे. येथे डोळ्यांना आमंत्रण होते. रेषा समोर उमटताना पाहिली, की भुवईच्या किंचित वळणाने चेहऱ्याचा भाव कसा बदलतो, हे श्रोत्याला व्याख्येवाचून कळते. हेच काम लेखणीने केले ते कोल्हापुरात जन्मलेल्या वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी. व्यवसायाने अभियंता असलेल्या सरवट्यांनी ‘ललित’ची मुखपृष्ठे चितारली आणि ‘परकी चलन’ या पुस्तकातून परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख मराठी वाचकांना करून दिली.

या साऱ्याला सीमाभागात एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी आणि भोज म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी दहा वर्षे, १९४६ मध्ये, बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठरावाने मांडली गेली होती. या भागात शब्द हा जपण्याचा आणि लढण्याचा विषय झाला. मराठी पाटी, मराठी शाळा, मराठी परिपत्रक यांसाठी पिढ्या झिजल्या, आणि ग्रंथालये त्या जपणुकीची ठाणी झाली. या भूमीत जन्मलेल्या चित्रकाराची कीर्ती निःशब्द चित्रांनी व्हावी, हा केवळ योगायोग असेल. त्यात कार्यकारणभाव शोधणे धाडसाचे ठरेल. परंतु मराठी मासिकाच्या मुखपृष्ठावरचे ते चित्र भोजमधल्या मराठी घरात जसे कळते, तसेच शेजारच्या कन्नड घरातही कळते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. भाषेचा अभिमान न सोडताही शेजाऱ्याला हसविता येते, याचा तो सहज मिळालेला पुरावा होय.

हा पुरावा सांभाळण्याची जबाबदारी अखेर ग्रंथालयांवर येते. हाताळणीत अंकाचे मुखपृष्ठच आधी फाटते. बांधणीच्या वेळी जाहिरातींबरोबर मुखपृष्ठ काढून टाकण्याची रीतही जुनी आहे. परिणामी आतील कथा कापडी बांधणीत सुरक्षित राहते आणि ज्या चित्रामुळे अंक हातात घेतला गेला, ते चित्र रद्दीत जाते. कथेचे पुढे पुस्तक होते, मुखपृष्ठाचे क्वचितच. २०२५ च्या जुलैत फडणीसांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. या भूमीने मराठीला दिलेले हे हसू पुढील वाचकांपर्यंत पोहोचवायचे, तर दिवाळी अंकांची बांधणी मुखपृष्ठासह व्हावी, सुटी मुखपृष्ठे वर्षवार लावली जावीत आणि नोंदवहीत लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचेही नाव लिहिले जावे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. चित्र हाही वाचनाचाच विषय आहे, एवढे मान्य करावे लागते.